तीन कुलपांची पेटी

आफ्रिकेतल्या मिशन ट्रिपवरून, म्हणजे चर्चच्या सेवादौऱ्यावरून, आलेले लोक चर्चमध्ये आपला अनुभव सांगतात; त्या साक्षीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "त्यांच्याकडे काहीच नाही, तरी किती समाधानी!" मला ते वाक्य खटकतं. पाहुण्याला हसरे चेहरे दिसतात, त्यामागची व्यवस्था दिसत नाही. युगांडा, मलावी किंवा टांझानियातल्या खेड्यात जाणार असाल, तर तिथल्या बचत गटाची एक बैठक सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहा.

१९९१ साली नायजर देशातल्या मरादी भागात केअर या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेच्या कामातून ही पद्धत सुरू झाली. गटात साधारण १५ ते २५ जण, बहुतेक बाया. आपल्या बचत गटासारखंच, पण पैसा बँकेत न जाता पेटीत राहतो आणि वर्षाच्या आसपास सगळी बचत वाटून नवा हिशेब सुरू होतो.

पेटीला तीन कुलपं. किल्ल्या तिघींकडे, आणि त्या तिघी कार्यकारिणीबाहेरच्या. पेटी जिच्या घरी, तिच्याकडे किल्ली नाही. बैठकीत दोघी जणी मोठ्याने पैसे मोजतात. बचत शेअरच्या, म्हणजे ठरावीक रकमेच्या भागांच्या, रूपात होते. शेअरची किंमत वर्षभर एकच. एका वेळी एक ते पाच शेअर घेता येतात. जितके शेअर, तितके शिक्के पासबुकात. उरलेल्या चौकटींवर लगेच रेघ मारतात, म्हणजे मागाहून कुणी शिक्का वाढवू शकत नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपला हिशेब तपासता येतो. कर्ज स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंत, तेही कशासाठी हवं ते सगळ्यांसमोर सांगून.

खरी श्रीमंती मात्र शेजारच्या छोट्या पिशवीत असते. तो सामाजिक निधी. त्यात सगळ्यांची सारखीच, अगदी किरकोळ वर्गणी. पोर आजारी पडलं, घर जळलं, मयत झाली, तर त्यातून बिनव्याजी मदत, बहुतेकदा परत न मागता. शिल्लक किती हे सगळ्यांनी पाठ करायचं. पुढच्या बैठकीत आधी आकडा सांगायचा, मग मोजायचं. उद्या वेळ आलीच तर हात कुणापुढे पसरायचा हे ज्या घराला ठाऊक आहे, ते घर निवांत झोपतं.

प्रेषित पौलाने बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात समाधानाबद्दल लिहिलं, तेही तिथल्या ख्रिस्ती मंडळीने पाठवलेल्या मदतीची पोच देताना. ट्रिपच्या मनन-वेळेत आपण समाधानाचा पहिला भाग वाचतो आणि मदतीबद्दलच्या पुढच्या ओळी सोडून देतो, याचं वाईट वाटतं.

गट मोडतो तो बऱ्याचदा चांगल्या हेतूनेच. पाहुणा भारावून पेटीत डॉलर टाकतो. शेजारणीच्या घामाचा पैसा बुडवायला माणूस कचरतो, पाहुण्याचा बुडवायला नाही. मग हप्ते थकतात आणि पुढच्या वर्षी बचतीऐवजी पाहुण्याची वाट पाहणं सुरू होतं. शेअरची किंमत चढी ठेवली तरी बिघडतं, सर्वांत गरीब बाई आधी गळते. म्हणून तिला पेरणीआधीच्या ओढाताणीच्या आठवड्यात जे झेपेल, तेवढीच किंमत हवी. एरवी पैसा कर्जात फिरत असल्याने पेटी जवळपास रिकामीच असते, पण वाटपाआधी वसुली होऊन ती भरते आणि चोरीची भीती तेव्हाच असते.

म्हणून अध्यक्षांची परवानगी आदल्या दिवशीच घ्या, वर्तुळाबाहेर बसा, आणि उघड्या पेटीचा किंवा ती ठेवलेल्या घराचा फोटो काढू नका. मदत करायचीच असेल तर नव्या गटांना शिकवणाऱ्या स्थानिक प्रशिक्षकाचा प्रवासखर्च द्या. पेटी, कुलपं, पासबुकं, शिक्के मात्र गटालाच विकत घेऊ द्या, हप्त्याने घेतले तरी चालतील.