तुम्ही विचारलंत म्हणून: दगडाचं वय कार्बन डेटिंगनं काढता का?

नाही. कार्बन डेटिंग साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच चालतं आणि माझ्याकडे येणारे दगड कोट्यवधी वर्षांचे. शिवाय गाळाच्या खडकातले वाळूचे कण कुठल्यातरी जुन्या दगडाची झीज होऊन आलेले असतात, त्यांचं वय काढलं तर ते त्या जुन्या दगडाचंच निघतं, गाळ कधी साचला ते कळतच नाही.

ते सांगतात फोरॅम. समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव, मेले की चुन्याची कवचं तळाशी जाऊन पडतात. दगड मऊ करून 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, मग मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कवच उचलायचं, तासन् तास, आणि मला अजून कंटाळा आलेला नाही. प्रवाहांबरोबर ते लांबलांब पसरतात आणि त्यांच्या जाती भराभर बदलतात, म्हणून एवढे कामाचे.

ऑर्ब्युलिना नावाचा फोरॅम घ्या. त्याच्या कवचाचा शेवटचा कप्पा पिढ्यान् पिढ्या मोठा होत गेला आणि साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी त्यानं आधीचे सगळे कप्पे पोटात घेतले, कवच चेंडूसारखं गोल! गाळाच्या एकावर एक थरांत हे अर्धवट गोल, जास्त गोल, पूर्ण गोल असं ओळीनं दिसतं. तो चेंडू सापडला की खडक त्याहून जुना असूच शकत नाही. इटलीत गुब्बिओजवळ तर 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या मातीच्या पातळ थराखाली ग्लोबोट्रंकाना नावाच्या फोरॅमची मोठी, नक्षीदार कवचं आहेत आणि वर एकदम नुसती चिमुकली कवचं. वर्षांचा आकडा मात्र ज्वालामुखीच्या राखेचे थर आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलटापालटीशी जुळवून मिळतो.

फसायला होतं ते वेगळ्याच ठिकाणी. जुनी कवचं वाहून नव्या गाळात येतात, म्हणून जागच्या जागी असलेल्या सगळ्यात तरुण जातीवर विश्वास ठेवायचा. पण बोअरवेलच्या चुऱ्यात वरचीच कवचं खाली घसरतात, तिथे हा नियम उलटा पडतो, मग वरून खाली येताना एखादी जात पहिल्यांदा कुठे भेटते तेवढंच धरायचं.

आणि गुलाबी रंगाचा ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर हा फोरॅम हिंदी आणि प्रशांत महासागरातून सुमारे 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला, अटलांटिकमध्ये तो आजही जिवंत आहे. त्यामुळे वय विचारलंत की मी आधी विचारणार, नमुना कुठल्या समुद्रातला?