होमस्टेड: आधी भट्टी, मग नदीकाठ

पिट्सबर्गजवळचं होमस्टेड बघायला निघालेले बरेच जण काठ चुकतात. १८९२ मध्ये इथल्या पोलाद कारखान्याच्या संपात कामगार आणि मालकांनी आणलेली हत्यारबंद माणसं यांच्यात लढाई झाली, ती मोनोंगहेला नदीच्या दक्षिण काठावर; लोखंड वितळवणाऱ्या, शिल्लक राहिलेल्या कॅरी भट्ट्या मात्र समोर, उत्तर काठावर रँकिनला आहेत. मधे नदी. गाडीने रँकिन पुलावरून वळसा घ्यावा लागतो. मी आधी भट्ट्या पाहिल्या आणि तोच क्रम सुचवेन.

कॅरीला मार्गदर्शकासोबतची फेरी साधारण मे ते ऑक्टोबर असते. बंद बूट हवेत, कारण लोखंडी जिने आणि खडबडीत जमीन. ६ आणि ७ क्रमांकाच्या ९२ फुटी भट्ट्या १९०७ च्या सुमाराच्या, म्हणजे संपानंतरच्या. पण काम त्याच जातीचं. एक टन लोखंडाला ढोबळमानाने दोन टन खनिज, एक टन कोक (भाजलेला दगडी कोळसा), अर्धा टन चुनखडी. माल वरून पडतो, तापवलेली हवा खालून घुसते. वितळलेल्या लोखंडाचा रस वाळूच्या पाटांतून वाहतो, हलकी मळी वर तरंगते आणि वेगळ्या पाटाने काढली जाते. भट्टी थंड पडली तर तळाशी लोखंडाचा गोळा थिजतो आणि तो सुरुंगाने फोडावा लागतो. म्हणून ती विझवायची नाही. मालकांनी यातून बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या बसवल्या. पाळी बदलताना, दर पंधरवड्याला, एका तुकडीला सलग चोवीस तास. हे १९२३ पर्यंत चाललं. भट्टीला तीन पाळ्याही चालल्या असत्या, खर्च वाढला असता इतकंच.

आता पलीकडे, दक्षिण काठावरच्या कारखान्याकडे. तिथल्या कुशल कामगारांची मजुरी पोलादाच्या बाजारभावाशी बांधलेली होती, पण टनाला २५ डॉलर या किमान भावाखाली ती उतरत नसे. कारखान्याचा मालक अँड्र्यू कार्नेगी, त्याचा व्यवस्थापक हेन्री फ्रिक २२ वर अडला, मग २३ वर आला. युनियन २४ पर्यंत उतरली. एका डॉलरसाठी कोणी कारखान्याभोवती काटेरी तारांचं कुंपण घालत नाही; फ्रिकला युनियनच नको होती. ३० जूनला करार संपला आणि सगळ्या कारखान्याला टाळं लागलं. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये.

६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन या खासगी सुरक्षा एजन्सीची ३०० माणसं दोन बार्जांतून (सपाट मालनौकांतून) पंपगृहाजवळच्या धक्क्याला लागली. गोळीबार सुरू झाला. बार्जांना स्वतःचं इंजिन नव्हतं, आणि ओढणारी बोट जखमींना घेऊन निघून गेली. मग माघार घ्यायची कशाने? कामगारांनी पेटता तराफा सोडला, तोफ डागली, डायनामाइट फेकलं. बार्ज तरीही टिकले. संध्याकाळी पिंकर्टनवाले शरण आले. सात कामगार आणि तीन पिंकर्टनवाले मेले. १२ जुलैला राज्याचे सुमारे ८५०० सैनिक आले, त्यांच्या आडोशाने बदली मजूर आत गेले आणि नोव्हेंबरात संप मोडला.

कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. तिथे आता वॉटरफ्रंट नावाचं दुकानसंकुल आहे आणि विटांच्या बारा चिमण्या. युनियनचं तेव्हाचं कार्यालय, आठव्या अ‍ॅव्हेन्यूवरची बॉस्ट इमारत, आज संग्रहालय आहे. वेळ आधी विचारून घ्यावी. पंपगृहाला कुलूप असलं तरी बिघडत नाही. सायकलवाट त्याच्या शेजारूनच जाते आणि बार्ज लागले तो काठ बाहेरूनच दिसतो.