आमची वाटचाल : जाडी आतल्या बाजूला असते

बाबांनी गोव्यातल्या डिचोलीत पाईपकामाची शेड टाकली तेव्हा लोखंडाच्या खाणी जोरात होत्या. खाण खोल गेली की तळाला पाणी लागतं आणि पावसाळ्यात तर खड्ड्याचं तळंच होतं. ते उपसायला पंप हवेत, पंपांना पाईप हवेत. फ्लँज, म्हणजे पाईप जोडायच्या टोकाच्या चकत्या, बसवणं, फुटलेला जोड परत वेल्ड करणं, मांडवीतल्या बार्जवरच्या लाईनी बदलणं, हेच आमचं काम. पाईप विकणं नंतर आलं.

ते का आलं, हे सांगायला हवं. दुरुस्तीला येणाऱ्या फुटक्या पाईपांत कितीतरी असे असायचे की जोड शाबूत आणि भिंतच फाटलेली. गिऱ्हाईक म्हणायचं, आम्ही बी क्लासचेच, म्हणजे मध्यम जाडीच्या पाईपचेच, पैसे मोजलेत. बाबा मला टोकाशी बसवायचे आणि म्हणायचे, "भितर पळय." आत बघ.

दोन इंची पाईप घ्या; बाजारात त्याला ५० एनबी (नॉमिनल बोअर, म्हणजे आतला नावापुरता व्यास, मिमीत) म्हणतात. भारतीय मानक १२३९ मध्ये त्याचे हलका, मध्यम, जड असे तीन वर्ग आहेत. बाजारात ए, बी, सी. बाहेरचा व्यास तिघांचाही साधारण ६०.३ मिमी, कारण तेच आटे आणि तोच सॉकेट तिन्हींवर बसला पाहिजे. फरक सगळा आत. भिंत ए क्लासला २.९ मिमी, बी ला ३.६, सी ला ४.५. थप्पी लावलेला माल बाहेरून पाहून काही कळत नाही. पिवळा पट्टा ए, निळा बी, लाल सी, ही खूण असते खरी. पण रंग कुणालाही मारता येतो.

वजन मात्र लपत नाही. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उरलेल्याला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा. मीटरमागे किलो मिळतात. या हिशोबाने बी क्लासचा सहा मीटरचा नग ३० किलो भरतो, ए क्लासचा २५ च्याही आत. मानकात थोडं कमीजास्त चालतं, पण इतकं नाही. बाबांनी शेडच्या दारातच वजनकाटा ठेवला आणि गिऱ्हाइकासमोर नग चढवून द्यायला सुरुवात केली. आमचं दुकान खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झालं, असं मी मानतो.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. बार्ज उभ्या राहिल्या, उधारी अडकली. वर्ष वाईट गेलं, त्याबद्दल फार लिहीत नाही. वेर्णे आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत काम मागत फिरलो आणि तिथे समजलं की आपल्याला पाईपची अर्धीच ओळख आहे.

आम्ही आयुष्यभर वापरला तो ईआरडब्ल्यू, म्हणजे विजेने शिवण जोडलेला पाईप. पोलादाच्या कॉईलमधून हव्या त्या रुंदीची पट्टी कापतात, रोलरांच्या रांगेतून ती हळूहळू गोल वळवत नेतात, उच्च वारंवारतेच्या विजेने दोन्ही कडा लाल करून एकमेकींवर दाबतात. वेगळा धातू भरत नाहीत. कडाच कडेला चिकटते. पाण्याला, हवेला, शेडच्या खांबांना हा पाईप उत्तम. वाफेच्या लाईनीला मात्र बहुतेक ठिकाणी सीमलेस मागतात. त्याला शिवणच नाही. तापवलेला भरीव गोल दांडा तिरप्या रोलरांत फिरवून मधोमध सळईच्या टोकाने भोक पाडतात. १८८५ च्या सुमारास जर्मनीच्या मानेसमान बंधूंनी काढलेली युक्ती अजून चालते. बॉयलरच्या कामाला ए १०६ ग्रेड बी या प्रतीचा सीमलेस पाईप, सोबत आयबीआरचं (भारतीय बॉयलर नियमांचं) प्रमाणपत्र, आणि पाईपवर ठोकलेला हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक, कागदावरच्या नंबराशी जुळलेला. नंबर जुळला नाही तर माल परत. हे आम्ही पहिल्या ऑर्डरपासून पाळलं.

चूक झाली ती स्टेनलेसमध्ये, आणि ती माझी. समुद्रालगतच्या एका हॉटेलच्या रेलिंगसाठी मी ३०४ या प्रतीच्या स्टेनलेसचा पाईप दिला. चकचकीत दिसला, दरातही बसला. दोन पावसाळ्यांत त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग उठले. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराईड ३०४ ला झेपत नाही. ३१६ या प्रतीत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, ती तग धरते. मला हे माहीत होतं. दरापायी बोललो नाही. सगळं रेलिंग आमच्या खर्चाने बदललं. आता किनाऱ्यावरच्या कामाला मी ३०४ चा दर देतच नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

सध्या शेडच्या मागे स्टेनलेससाठी वेगळी खोली बांधतोय. साध्या लोखंडावर फिरलेली ग्राइंडिंगची चाकी स्टेनलेसवर लावली की लोखंडाचे कण रुततात आणि तिथूनच गंज धरतो. म्हणून चाकी वेगळी, ब्रश वेगळे, टेबलही वेगळं. चतुर्थीच्या आधी छप्पर घालून व्हायला हवं. वजनकाटा मात्र हलवला नाही; तो पुढच्या दारातच आहे.