भिंग बसेल, पण बाहुलीचे काय?

बॅडमिंटनचे शटल उजव्या डोळ्यावर बसले तेव्हा पापणीवर साधी चीरही पडली नव्हती, त्यामुळे दोन दिवसांत सगळे ठीक होईल असेच मला वाटत होते. प्रत्यक्षात डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचले होते, बाहुली पसरून वेडीवाकडी झाली होती आणि नेत्रभिंग जागेवरून सरकले होते. मुका मार डोळ्याच्या आत इतकी मोडतोड कशी करतो, हे मला नंतर समजले. डोळा द्रवाने आणि जेलीसारख्या पदार्थाने भरलेला असतो आणि द्रव दाबून लहान होत नाही. म्हणून समोरून मार बसला की डोळा क्षणभर चपटा होतो आणि मधल्या घेराशी जोराने ताणला जातो. बाहुली आकुंचित करणारा स्नायू आणि भिंगाला चहूबाजूंनी तोलून धरणारे बारीक तंतू हा ताण सोसतात. माझा तो स्नायू तीन ठिकाणी फाटला होता आणि पाव घेरातले तंतू तुटले होते.

पहिले काही दिवस पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असल्यामुळे उशी उंच ठेवून पडून राहणे आणि वेळेवर थेंब घालणे एवढेच हाती होते. शस्त्रक्रिया दोन महिन्यांनी, आतली सूज पूर्ण उतरल्यावर झाली. तोवर भिंगात फुलाच्या पाकळ्यांसारखा मोतीबिंदू धरला होता. मला मात्र धूसरपणापेक्षा प्रकाशाचा त्रास अधिक होई. उन्हात डोळा उघडत नसे आणि समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा सगळ्या दृश्यावर पांढरा पडदा ओढत असे.

पहिल्या तज्ज्ञांनी मोतीबिंदू काढून भिंग बसवू असे सांगितले आणि बाहुलीचा प्रश्न केवळ दिसण्याचा आहे, असे म्हणून तो विषय संपवला. दुसऱ्या शल्यविशारदांनी मात्र कागदावर दोन वर्तुळे काढली. कृत्रिम भिंगाच्या दृष्टीला उपयोगी पडणाऱ्या भागाचा व्यास साधारण 6 मिलिमीटर असतो आणि माझी बाहुली 7 मिलिमीटरहून मोठी होऊन तशीच राहिली होती. म्हणजे भिंग अगदी मधोमध बसले तरी त्याच्या कडेवरून आणि कडेबाहेरून प्रकाश आत शिरणार, दिव्यांभोवती वलये दिसणार आणि कदाचित एकाच डोळ्याने दोन प्रतिमा दिसणार. ते चित्र पाहिल्यावर बाहुलीची दुरुस्ती ही शोभेची बाब आहे, हे मला कधीच पटले नाही. ज्यांना असा मार लागला असेल त्यांनी भिंगाबरोबर बाहुलीविषयीही स्पष्ट विचारावे, असे मला मनापासून वाटते.

शस्त्रक्रियेत भिंगाचे काम आधी होते आणि बाहुलीचे नंतर, कारण आत काम करायला पसरलेली बाहुलीच सोयीची असते. तंतू तुटलेल्या बाजूने काचद्रव, म्हणजे डोळ्यातला तो जेलीसारखा पदार्थ, पुढे आला होता. तो पारदर्शक असल्याने औषधाचे पांढरे कण सोडून दिसता केला आणि कापून काढला. मूळ भिंग ज्या पातळ पिशवीत असते ती एका बाजूला सैल झाली होती, म्हणून तिच्यात आधाराची लवचिक कडी सरकवून तिचा घेर ताणून धरला आणि मग नवे भिंग आत बसवले. तंतू याहून जास्त तुटले असते, तर कडी किंवा भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीलाच बांधावे लागले असते.

त्यानंतर बाहुलीच्या फाटलेल्या कडा केसाहून बारीक पॉलिप्रॉपिलीन धाग्याने जवळ आणल्या. नेत्रशल्यविशारद मॅककॅनेल यांनी 1976 मध्ये परितारिकेला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, टाका घालण्याची पद्धत मांडली आणि 1994 मध्ये सीप्सर यांनी गाठ डोळ्याबाहेर बांधून आत सरकवण्याची युक्ती दाखवली, त्यामुळे नाजूक परितारिका बाहेर ओढावी लागत नाही. परितारिकेची जखम त्वचेसारखी भरून एकजीव होत नाही, त्यामुळे हा धागा विरघळणारा नसतो. त्यानेच कडा कायम धरून ठेवायच्या असतात. बाहुली फार लहानही करत नाहीत, कारण पुढे दृष्टिपटल तपासायला तेवढी वाट लागते.

आता माझी बाहुली सुमारे 4 मिलिमीटरची आणि किंचित चौकोनी आहे. उजेडात ती जवळजवळ हलत नाही, वाचायला चष्मा लागतो, पण रात्रीचे दिवे पुन्हा दिव्यांसारखे दिसतात. डोळ्यातला द्रव जिथून बाहेर पडतो त्या कोनालाही इजा झालेली असल्यामुळे काचबिंदू कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतो, म्हणून डोळ्याचा दाब दरवर्षी तपासून घेतो. शिवाय, दोन बाहुल्या असमान असणे हे अपघाताच्या वेळी डॉक्टरांना मेंदूच्या इजेचे लक्षण वाटू शकते. त्यासाठी उजव्या बाहुलीला टाके घातले आहेत, अशी चिठ्ठी माझ्या पाकिटात असते.