म्हैसमाळचं हवामान: कोणत्या महिन्यात किती अंश वजा करायचे

मराठवाड्यातलं थंड हवेचं ठिकाण म्हटलं की म्हैसमाळचं नाव निघतं आणि त्यासोबत दोन तक्रारीही. मे महिन्यात दुपारी जाऊन आलेले म्हणतात, ऊन तर शहरासारखंच लागतं. जानेवारीत मुक्काम केलेले म्हणतात, दिवसा अंगात स्वेटर सहन होत नाही आणि पहाटे दात वाजतात. दोघांचंही खरं आहे. इथला गारवा वर्षभर एकाच कारणाने येत नाही. ऋतू बदलला की कारण बदलतं आणि त्याबरोबर छत्रपती संभाजीनगर शहराच्या तापमानातून वजा करायचा आकडाही.

आधी उंची बघू. म्हैसमाळचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १०६७ मीटरवर आहे आणि छत्रपती संभाजीनगर साधारण ५७० मीटरवर, म्हणजे फरक ५०० मीटरचा. महाबळेश्वर १३७२ मीटरवर आहे, आपल्यापेक्षा जेमतेम ३०० मीटर उंच. तरी तिथली हवा वेगळी, कारण ते सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर बसलंय आणि समुद्राकडून आलेले ढग तिथेच रिते होतात. आपण त्या डोंगराच्या पर्जन्यछायेत. त्यामुळे म्हैसमाळ वर्षातला मोठा काळ कोरडंच असतं. महाबळेश्वरची अपेक्षा घेऊन वर गेलात तर निराश व्हाल. आपल्या माळाचा गारवा म्हणून बघितलात तर भरपूर मिळेल.

एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडी असते आणि तापून वर-खाली घुसळत असते. अशा हवेत दर १०० मीटर चढलं की जवळजवळ एक अंश उतरतो. म्हणून बातम्यांत येणाऱ्या चिकलठाणा वेधशाळेच्या कमाल आकड्यातून ४ अंश बिनधास्त वजा करा. ४१ असेल तर वर ३७. हे काही थंड नव्हे, आणि बारा ते चार या वेळेत पठारावर फिरायला सावलीही फारशी नाही. खरा फायदा सूर्य कलल्यावर कळतो. आकाश निरभ्र, हवेत बाष्प नाही, त्यामुळे जमीन भराभर निवते आणि वारा मोकळा लागतो. शहरातल्या स्लॅबच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतात, तेव्हा इथे अंगावर चादर लागते. मे महिन्यात जायचं तर दुपारी चारनंतर निघा, रात्र वर काढा आणि सकाळी नऊच्या आत उतरा.

मार्च ते मे या काळात अवकाळीचं भान ठेवा. दुपारी तीननंतर पश्चिमेला काळं आभाळ चढलं, वारं एकदम पडलं आणि मग उलट्या दिशेने गार झोत आला की वीज जवळ आली समजा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने मराठवाड्यातली उभी रब्बी आडवी केली होती. उघड्या माळावर आपण आणि एखादं एकटं झाड एवढंच उंच असतं, म्हणून झाडाखाली थांबू नका. काचा बंद करून गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पावसाळ्यात सगळं गणित ढगाच्या तळाचं आहे. शहरावरून ढग ५०० मीटरपेक्षा खाली सरकत असतील, तर पठार थेट ढगात असतं. आपण ज्याला धुकं म्हणतो ते जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. ओळखायची सोपी खूण आहे. दौलताबादच्या पुढे गेलं की समोरचे डोंगर बघा. माथे पुसले गेले असतील तर वर ढग मिळणार. माथे स्वच्छ दिसत असतील तर हिरवळ आणि वारा मिळेल, ढग नाही. पहाटेपासून साधारण दहापर्यंत ढग दाट असतो. दिवस तापला की तळ वर उचलला जातो, म्हणून दुपारी पोचणाऱ्यांना ढग भेटत नाही. या दिवसांत वजाबाकी ३ अंशांचीच असते, पण ओलं अंग आणि पश्चिमेचा वारा यांमुळे थंडी त्याहून जास्त वाजते. पाऊस आडवा येतो, छत्री उलटते. रेनकोट घ्या आणि कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

खुलताबाद ते म्हैसमाळ हा सुमारे १२ किलोमीटरचा रस्ता ढगात असताना हेडलाइट डिप्परवर ठेवा. अप्पर मारला की उजेड थेंबांवर आपटून डोळ्यांवर येतो आणि रस्त्याची कड दिसेनाशी होते. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला आणि सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी असते. त्या दोन दिवशी दौलताबादच्या वेशीतच तास मोडू शकतो.

सप्टेंबर मला सगळ्यात चांगला वाटतो. झड संपलेली असते, तेरडा आणि कुर्डू फुललेले असतात, सकाळ उघडी मिळते. पाऊस येतो तो दुपारनंतर, गडगडाटासह. ऑक्टोबरमध्ये ऊन चटका देतं, गवत पिवळं पडायला लागतं, सीताफळं बाजारात येतात.

हिवाळ्यात मात्र वजाबाकी उलटी होते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि उताराने खाली वाहत दरीत साठते. पहाटे खालच्या शिवारात वरच्यापेक्षा जास्त गारठा असू शकतो, दहिवर खालच्या पिकावर जास्त पडतं आणि पठाराच्या कडेवरून धुकं पायाखाली पसरलेलं दिसतं. परभणी साधारण ४०० मीटरवर असूनही तिथल्या कृषी विद्यापीठात थंडीचे नीचांक नोंदले जातात. म्हणजे पहाटेची थंडी एकट्या उंचीवर ठरत नाही. जानेवारीच्या पहाटेसाठी शहराच्या आकड्यातून काहीही वजा करू नका, वाऱ्यासाठी कपडे घ्या. लोकरीवर एक पातळ वारारोधक जाकीट दोन जाड स्वेटरांपेक्षा जास्त कामाचं.

तंबू खोलगटात लावू नका, तिथे गार हवा तुंबते. अगदी कडेलाही नको, वारा झोपू देत नाही. उताराचा मधला टप्पा निवडा, दार पूर्वेकडून फिरवून ठेवा, कारण या दिवसांतला वारा बऱ्याचदा तिकडून येतो. दोन्ही बाजूंची खिडकी चार बोटं उघडी राहू द्या. नाहीतर श्वासातली वाफ आतून कापडाला लागून थेंब गळतात आणि तंबू फाटलाय असं वाटतं. या उंचीवर पाणी साडेशहाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला वेळ लागतो. तासभर आधी भिजवा, नाहीतर छोटा कुकर न्या.

डिसेंबरनंतर कुसळी गवत पूर्ण वाळतं. मोज्यांत घुसणारी कुसळं हा त्रास किरकोळ, वणवा मोठा. फेब्रुवारीत पळस फुलायला लागला आणि दुपारी वावटळी उठू लागल्या की शेकोटी पेटवूच नका. त्याआधी पेटवायची तर भोवतालचं गवत दोन हात साफ करा. विझवताना नुसती माती टाकून उठू नका, खाली निखारा धुमसत राहतो. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. राख हाताला गार लागली की मगच जागा सोडा.