दामनचा चढ: ‘फक्त ५५ किलोमीटर’वर विश्वास ठेवू नका

नेपाळमधल्या आमच्या सायकल सफरीच्या पत्रकात आयोजकांनी दुसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं, ‘हेटौडा ते दामन, ५५ किलोमीटर, मध्यम.’ ‘मध्यम’ लिहिणारा माणूस हा रस्ता जीपने गेला असणार.

आम्ही बारा जण. मकवानपूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहासाठी प्रत्येकी पंचवीस हजार जमवून निघालो होतो. बीरगंज ते हेटौडा झालं, चांगलं झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी भैंसेपर्यंत रस्ता राप्ती नदीच्या काठाने जातो आणि उगाच आत्मविश्वास वाढवतो. पूल ओलांडला की त्रिभुवन राजपथ, म्हणजे काठमांडूकडे जाणारा हा जुना घाटरस्ता, खरा सुरू होतो. हेटौडा ५०० मीटरच्याही खाली, दामनच्या अलीकडची सिमभंज्याङची खिंड २४८८ मीटरवर. म्हणजे सुमारे २००० मीटर चढाई, एका दिवसात, सामानासकट. आपल्याकडचा घाट तास-दीड तासात संपतो. हा जेवणानंतरही तसाच समोर उभा असतो. वाहनं कमी, एवढीच काय ती दया. मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये (दातेरी चकत्यांच्या संचात) ३४ दातांची मोठी चकती नसेल तर येऊच नका. दुपारनंतर वर धुकं उतरलं, बोटं गारठली आणि मी सायकल ढकलायला लागलो. पाठीवर गवताचा डोको (विणलेली टोपली) घेतलेल्या एक आजी मला मागे टाकून गेल्या. वळणावर थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या, आणि पुन्हा चालू पडल्या. सपोर्ट गाडी तेव्हा दामनला पोचून आमच्या कोरड्या कपड्यांसकट उभी होती. गाडी ग्रुपच्या मागे राहील, हे निघण्यापूर्वी लेखी घ्या. आणि घड्याळं लावा: नेपाळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे. आमचे निम्मे लोक भारतीय वेळेवर उठले आणि ती पंधरा मिनिटं संध्याकाळी अंधारात फेडावी लागली.

आता पैशाचं. भैंसेजवळ डाळभात खाल्ला. भात हवा तितका वाढतात, तक्रार नाही. हॉटेलवाला म्हणाला, ताटाला साडेतीनशे. आमच्या खजिनदाराने शंभराच्या ४२ भारतीय नोटा मोजून दिल्या. त्याने शांतपणे त्या पुन्हा मोजल्या आणि खिशात घातल्या. भाव नेपाळी रुपयांत होता, हे दामनला दरपत्रक बघितल्यावर कळलं. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, तेव्हा २६२५ पुरले असते. १५७५ रुपये हकनाक गेले. तिकडे ‘आयसी’ म्हणजे भारतीय, ‘एनसी’ म्हणजे नेपाळी. ताटावर बसण्याआधी विचारा: आयसी की एनसी? मी अजून त्या नोटा मोजतोय.

पहाटे दामनला धुकं फाटलं. मनास्लू, गणेश हिमाल, लांगटांग, सगळी रांग उघडी. अर्धा तास मी आयोजकांनाही माफ केलं होतं.

पालुङकडे उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, थांबत जा. ब्रेक पॅड नवे टाकूनच या. पुढे टिस्टुङला पुन्हा चढ लागतो, तो पत्रकात नव्हताच.

नौबिसेपासून काठमांडूच्या वेशीवरच्या नागढुंगापर्यंत मात्र सायकल चालवू नका. पृथ्वी राजमार्गाचे सगळे ट्रक तिथे एकामागे एक, धूर, धूळ आणि बाजूला जागा नाही. आम्ही चौघांनी हट्टाने चालवली, दोन दिवस खोकत होतो. बाकीच्यांनी भाड्याने पिकअप गाडी केली, तेच शहाणे. किलोमीटर मोजायला देणगीदारांपैकी कोणी येत नाही. पिकअपचा दर सायकली चढवण्याआधी ठरवा, एनसीमध्ये.