बॉयंट

चिऊचा निरोप आला. ‘आत्या, तू किती बॉयंट आहेस गं! मला तर बाबांकडे बघवत नव्हतं.’ बॉयंट म्हणजे काही झालं तरी न खचणारी, उमेदीची. पोरीनं कौतुकानंच लिहिलंय, कळतं मला. तरी संध्याकाळपासून घशाशी काहीतरी अडकून बसलंय.

सकाळी घराच्या कागदांवर सह्या झाल्यावर चहा मी केला. वकिलांशी हसून बोलले तीही मीच. दादा ओटीवरून उठला नाही, मग एकेक जण त्याच्याजवळ जाऊन बसला, पाठीवरून हात फिरवला. माझ्याजवळ कुणी आलं नाही. मी बॉयंट ना.

जेवण झाल्यावर कोश उघडले. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकातला, बहुधा स्पॅनिश ‘बोयांते’वरून आलेला. ‘बोयार’ म्हणजे तरंगणं, आणि ‘बोया’ म्हणजे आपण म्हणतो तोच बोया, बंदरात पाण्यावर दिसतो तो. आनंदी, उमेदीच्या माणसाला हे विशेषण लावू लागले ते पुढे अठराव्या शतकात. इथवर वाचताना बरं वाटत होतं. पण स्पॅनिशमध्ये ‘बोयांते’चा एक खास जहाजी अर्थ आहे, तो फार लागला. माल कमी भरल्यामुळे जितकं पाण्यात बसायला हवं तितकं न बसणारं जहाज.

म्हणजे असंच वाटतं का सगळ्यांना? हिच्यावर ओझंच नाही, म्हणून ही वर? आईच्या शेवटच्या दिवसांत रात्री कोण जागत होतं... जाऊ दे. ते आज लिहायचं नाही.

नववीच्या वर्गात प्लावक बल इतकी वर्षं शिकवलं. तरंगणाऱ्या वस्तूचं वजन कुठेही गेलेलं नसतं. आपल्या वजनाइतकं पाणी तिनं बाजूला सारलेलं असतं, म्हणून ती वर असते. भरलेलं जहाजसुद्धा तरंगतंच, फक्त त्याचा बराच भाग पाण्याखाली असतो आणि काठावरून तो दिसत नाही. मुलांना हे फळ्यावर आकृती काढून दाखवता येतं. घरच्यांना कसं दाखवायचं?

झोप येईना, म्हणून ‘बोया’च्या मागे आणखी काय आहे ते शोधलं. इथे अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण त्याचं नातं खूण, इशारा अशा अर्थाच्या जुन्या जर्मनिक शब्दाशी लावतात. काही जण लॅटिन ‘बोइया’शी, म्हणजे कैद्याच्या गळ्यातल्या जोखडाशी, बेडीशी. का, तर बोया साखळीनं बांधलेला असतो. कोण बरोबर ते पंडित ठरवतील, मला बेडीचंच पटतं.

मांडव्याच्या बोटीतून जाताना ते लाल-हिरवे बोये नेहमी दिसतात. खाली साखळी, आणि साखळीच्या टोकाला तळाशी जड ठोकळा. साखळी पाण्याच्या खोलीपेक्षा लांब सोडलेली असते. मुंबईकडे उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरहून जास्त चढतं. साखळी आखूड असेल तर भरतीला ती बोयाला पाण्याखाली धरून ठेवेल, आणि साखळीच नसेल तर तो वाहून जाईल. मग बोटींनी वाट कशावरून ओळखायची?

हे सगळं वाचता वाचता राग कधी उतरला ते कळलं नाही. मी त्या घराला बांधलेली होते आणि ते मला हवं होतं, कुणी लादलं नव्हतं. सकाळी कुणीतरी वर राहायला हवं होतं, मी राहिले. दादाला नाही जमलं. त्याचं दुःख माझ्याहून मोठं की लहान, हे मोजायला मी बसणार नाही. त्यानं आईच्या शेवटच्या पत्राबद्दल मला का सांगितलं नाही, हे मात्र कधीतरी विचारीन.

रविवारी आईचं कपाट आवरायचंय. एकटीनंच जायचं ठरवलं होतं. आता चिऊला म्हणणार आहे, तू चल माझ्याबरोबर. नऊवारी साड्यांच्या घड्या मोडताना मला रडू येणार आहे, आणि या वेळी मी आत जाऊन चहा ठेवणार नाही.